घाटेअळीचं कृत्रिम खाद्य: हरभऱ्याच्या पिठापासून तिसऱ्या पिढीपर्यंत

हरभरा घाटे धरतो तेव्हा घाटेअळी शोधायला लांब जावं लागत नाही. पण हीच अळी जूनमध्ये, एका वयाची, एका वजनाची, निरोगी आणि चार-पाचशेच्या संख्येत हवी असेल तर शेत उपयोगाचं नाही. कीटकनाशकाच्या चाचण्या, बीटी प्रथिनाला (बीटी जिवाणूपासून मिळणाऱ्या, अळी मारणाऱ्या प्रथिनाला) आलेल्या प्रतिकाराची तपासणी, परोपजीवी कीटकांची पैदास, अशा सगळ्या कामांना अळ्या वर्षभर लागतात. सगळ्यात मोठी मागणी असते ती एचएएनपीव्ही या, घाटेअळीला मारणाऱ्या आणि जैविक कीटकनाशक म्हणून फवारल्या जाणाऱ्या विषाणूच्या उत्पादनाची. हा विषाणू जिवंत अळीच्या अंगातच वाढतो आणि त्याचा हिशोबही अळीवरच चालतो. एक एल. ई. (लार्व्हल इक्विव्हॅलंट, एका अळीतून मिळणारा विषाणू) म्हणजे ६०० कोटी विषाणूकण, आणि हरभऱ्यावर शिफारस हेक्टरी २५० ते ५०० एल. ई. म्हणजे एका हेक्टरमागे किमान अडीचशे धष्टपुष्ट अळ्या हव्यात.

एवढ्या अळ्या पानांवर आणि घाट्यांवर वाढवता येतात, नाही असं नाही. पण रोज ताजा चारा आणायचा, त्याच्यावर फवारणीचा अंश नाही याची खात्री करायची, शेतातला विषाणू सोबत आला तर सगळं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानुपिढ्या जोपासलेल्या अळ्या, बसलेलं बघायचं, हे फार दिवस निभत नाही. म्हणून कृत्रिम खाद्य, प्रयोगशाळेच्या रोजच्या भाषेत डाएट. किड्यांना असं खाद्य देण्याचा इतिहास जुना आहे. १९०८ मध्ये बोगदानोव यांनी मांसावरच्या माशीच्या अळ्या कृत्रिम माध्यमावर वाढवल्या. १९६५ मध्ये अमेरिकेत शोरी आणि हेल यांनी घेवड्याच्या दाण्यांवर आधारलेल्या एकाच साध्या खाद्यावर घाटेअळीच्या कुळातल्या नऊ जाती वाढवून दाखवल्या. आपल्याकडे १९७४ मध्ये बंगळुरूहून नागरकट्टी आणि प्रकाश यांनी घाटेअळीसाठी खाद्य प्रसिद्ध केलं आणि देशातल्या बऱ्याच प्रयोगशाळांतली खाद्यं त्याच वळणाची आहेत.

हा लेख एम.एस्सी.ला कीटकशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि छोटी जैविक प्रयोगशाळा चालवणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण घाटेअळीचं, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेराचं घेतलं आहे. दुसऱ्या किडीसाठी काय बदलावं ते पुढे येईलच.

शून्यापासून सुरुवात करू नका

नवीन विद्यार्थी हमखास एक गोष्ट करतो: किडीच्या आवडत्या पिकाचं रासायनिक पृथक्करण शोधतो आणि त्यावरून खाद्य रचायला बसतो. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं, पण त्यात वर्ष जातं. आपल्या किडीच्या जवळच्या नातलगासाठी चालणारं खाद्य घ्यायचं, त्यावर एक पिढी काढायची, कुठे अडतं ते बघायचं आणि मग एकेक घटक बदलायचा, हा रस्ता जवळचा. घाटेअळीसाठी भारतात रुळलेलं प्रमाण असं:

काबुली हरभऱ्याचं पीठ १०५ ग्रॅम
अगार १२.७५ ग्रॅम
यीस्ट पावडर १० ग्रॅम (किंवा यीस्टच्या २५ गोळ्या)
अॅस्कॉर्बिक अॅसिड ३.२५ ग्रॅम
मिथिल पॅराहायड्रॉक्सी बेन्झोएट (पुढे पॅराबेन) २ ग्रॅम
सॉर्बिक अॅसिड १ ग्रॅम
स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट ०.२५ ग्रॅम
मल्टिव्हिटॅमिनच्या २ कॅप्सूल
व्हिटॅमिन ईच्या २ कॅप्सूल
१० टक्के फॉर्माल्डिहाइड द्रावण (पुढे फॉर्मालिन) २ मिली
डिस्टिल्ड वॉटर ७८० मिली

यातून साधारण ९०० ग्रॅम डाएट होतं. एका अळीला कोषात जाईपर्यंत चारेक ग्रॅम धरलं तर एका घाण्यात दोनशेच्या वर अळ्या निघतात.

कोणता घटक कशासाठी

हरभऱ्याचं पीठ हा या खाद्याचा कणा. प्रथिनं, पिष्ट, मेद, क्षार, वनस्पतीजन्य स्टेरॉल असं बरंच काही त्यातूनच येतं. कीटकांना स्टेरॉल स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. हे १९३५ मध्ये हॉब्सन यांनी माशीवर दाखवलं. शुद्ध केसीन (दुधातलं प्रथिन), साखर आणि सेल्युलोज एवढ्यावर खाद्य बनवायला गेलात तर कोलेस्टेरॉल वेगळं घालावं लागतं. पीठ आहे तोवर ती चिंता नाही.

यीस्टमधून ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात. बेकरीचं जिवंत यीस्ट तसंच घातलं तर ते पिठातल्या साखरेवर ताव मारतं, ट्रेमध्ये बुडबुडे उठतात आणि आंबूस वास सुटतो. ते आधी थोड्या पाण्यात उकळून मारा. गोळ्या वापरत असाल तर खलात बारीक कुटून घ्या.

अॅस्कॉर्बिक अॅसिड हा सगळ्यात नाजूक घटक आहे. हिरव्या वनस्पतींवर जगणाऱ्या बहुतेक अळ्यांना क जीवनसत्त्व लागतंच. पण ते उष्णतेने आणि हवेने खराब होतं. बरणी वारंवार उघडून पावडर पिवळसर पडली असेल तर ती टाकून द्या, प्रमाण वाढवून भरपाई होत नाही. या घटकाचा दुसरा उपयोग सहसा सांगितला जात नाही: त्याच्यामुळे खाद्य आंबट बाजूला राहतं, आणि सॉर्बिक अॅसिड बुरशीवर चालतं ते आम्ल माध्यमातच. दोघांचं काम जोडीने होतं, एकाला हलवलं की दुसरं लंगडं पडतं.

व्हिटॅमिन ईची कॅप्सूल सुईने टोचून पिळायची. पतंगांच्या प्रजननासाठी ती आहे. अळीच्या वाढीत तिचा फरक लगेच दिसत नाही म्हणून काही जण खर्च वाचवायला ती गाळतात. त्याचं काय होतं ते अंड्यांच्या वेळी कळतं.

पॅराबेन, सॉर्बिक, फॉर्मालिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही चौकडी बुरशी आणि जिवाणूंसाठी. यातलं काहीच अळीला निरुपद्रवी नाही. बुरशी दिसली की पॅराबेनचा चमचा वाढवायचा ही सवय वाईट. प्रमाण वाढलं की अळी कमी खाते, वाढ लांबते, आणि लांबलेल्या दिवसांत बुरशीला अजून वेळ मिळतो. बुरशीचा पहिला उपाय हात, भांडी आणि हवा स्वच्छ ठेवणं हा आहे.

अगार पाणी धरून ठेवतं आणि खाद्याला आकार देतं. खर्चाच्या यादीत तेच सगळ्यात वर असतं. त्याला पर्याय पुढे बघू.

कच्चा माल

माझं स्पष्ट मत आहे की फसलेल्या डाएटपैकी निम्म्याहून जास्त डाएट पाककृतीमुळे फसत नाहीत, मालामुळे फसतात. बाजारातलं तयार बेसन घेऊ नका. त्यात वाटाण्याचं किंवा दुसऱ्या स्वस्त डाळीचं पीठ मिसळलेलं असू शकतं आणि दोन पुड्यांत सारखेपणा नसतो. शिवाय साठवणुकीत भुंगेऱ्यांसाठी औषध वापरलेलं असेल तर त्याचा अंश अळीला पुरेसा होतो. अख्खा हरभरा एकदम सहा महिन्यांचा विकत घ्या, निवडा, आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे आतले भुंगेरे मरतील, आणि लागेल तसा दळा. गिरणीत आधी कोणी मिरची दळून गेलं असेल तर तुमचं पीठ गेलं. प्रयोगशाळेचा स्वतःचा ग्राइंडर असावा. पीठ बारीक चाळणीने चाळा. जाडसर कण भांड्याच्या तळाशी बसतात आणि तळातलं डाएट मिळालेल्या अळ्यांना एक जेवण, वरचं मिळालेल्यांना दुसरं असं होतं.

नवीन पोत्यातलं पीठ सरळ कल्चरला देऊ नका. पन्नास अळ्यांवर जुन्या पिठाच्या बरोबरीने चालवून बघा आणि मगच जुनं संपू द्या. प्रत्येक पोत्याला, रसायनाच्या प्रत्येक बरणीला आणि डाएटच्या प्रत्येक घाण्याला तारीख आणि क्रमांक हवाच.

डाएट बनवताना

पाण्याचे दोन सारखे भाग करा, प्रत्येकी ३९० मिली. पहिल्या भागात अगार आणि फॉर्मालिन सोडून सगळं कालवून मिक्सरमध्ये दोन मिनिटं फिरवा. भज्याच्या पिठाएवढं सैल, गुठळ्या नसलेलं मिश्रण व्हायला हवं. दुसऱ्या भागात अगार घालून सतत ढवळत उकळा. अगार विरघळलं की द्रावण स्वच्छ होतं. चमचा उचलल्यावर त्यावर बारीक दाणे दिसले तर ते अजून कच्चं आहे, आणि असं अगार नंतर खाद्यातून पाणी सोडतं.

उकळतं अगार थेट पिठाच्या मिश्रणात ओता आणि एक मिनिट फिरवा. पाणी अर्धं-अर्धं करण्यामागे हिशोब आहे. गार मिश्रण आणि उकळतं अगार सारख्या प्रमाणात एकत्र आलं की तापमान ६० अंशांच्या आसपास येऊन थांबतं. अॅस्कॉर्बिक अॅसिड आणि प्रतिजैविक एवढं सहन करतं, आणि अगार ४० अंशांच्या खाली यायला लागलं की थिजतं, म्हणून ओतायला पुरेसा वेळही मिळतो. मे महिन्यात अकोल्याला किंवा नागपूरला टाकीचं पाणीच गरम असतं, तेव्हा पहिल्या भागाचं पाणी फ्रिजमधलं घ्या. थर्मामीटर बुडवून बघायला पाच सेकंद लागतात, ते लावा. फॉर्मालिन सगळ्यात शेवटी. हे काम फ्यूम हूडखाली किंवा निदान उघड्या खिडकीशी, हातमोजे घालून करा. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं आहे.

कच्च्या हरभऱ्यात ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात. घाटेअळीचं हरभऱ्याशी जुनं नातं असल्याने ती त्यातून वाट काढते. जी कीड डाळवर्गीय पिकावर जगत नाही तिच्यासाठी मात्र पीठ आधी वाफवून घेतलेलं बरं.

ओतल्यावर ट्रे लगेच झाकायचा मोह होतो. झाकला की झाकणाच्या आतून वाफेचे थेंब लोंबतात, आणि नुकत्याच फुटलेल्या अळीला बुडून मरायला असा एक थेंब पुरतो. लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेली स्वच्छ हवा वाहणाऱ्या कपाटात) उघडं गार होऊ द्या, पृष्ठभागावरचा ओला चकाकता थर जाऊन तो मंद दिसायला लागला की झाका. उरलेलं डाएट फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवून दोन आठवड्यांत संपवा. क जीवनसत्त्व तिथेही हळूहळू कमी होतच असतं. फ्रिजमधून काढलेलं डाएट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय अळी सोडू नका.

अळी सोडल्यावर

खोली २६ अंश सेल्सिअसच्या आसपास, आर्द्रता ६५ टक्क्यांच्या जवळपास, उजेड १४ तास आणि अंधार १० तास. या आकड्यांत आर्द्रता सांभाळणं सगळ्यात अवघड जातं. पावसाळ्यात बुरशी, तर मराठवाड्यातल्या कोरड्या थंडीत डाएट कडेने सुटून आक्रसतं आणि छोटी अळी त्या फटीत जाऊन बसते. थंडीत थर जरा जाड ओता.

पहिले पाच ते सात दिवस अळ्या एकत्र चालतात. तिसऱ्या अवस्थेपासून, म्हणजे दुसऱ्यांदा कात टाकल्यावर, त्या एकमेकींना खायला लागतात, म्हणून त्याआधी प्रत्येकीला वेगळी खोली: अनेक कप्प्यांचा ट्रे किंवा छोटी प्लॅस्टिक डबी. नाजूक ब्रशने उचला, चिमट्याने नाही. ब्रश मधूनमधून सौम्य हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) बुडवून स्वच्छ पाण्याने धुवा.

खाद्य कसं आहे हे अळीपेक्षा तिची विष्ठा आधी सांगते. चांगल्या डाएटवरच्या पाचव्या-सहाव्या अवस्थेतल्या अळीच्या लेंड्या टणक, गडद, वेगवेगळ्या सुट्या पडतात. ट्रे तिरपा केला की खडखडतात. लेंड्या ओल्या, फिकट, एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर खाद्यात पाणी जास्त आहे किंवा आतड्यात जिवाणू घुसले आहेत. डाएटचा पृष्ठभागही बघा. भूक असलेली अळी एका जागी बोगदा पाडून आत शिरते. जी नुसती वरवर चारचार ठिकाणी कुरतडून भिंतीवर जाऊन बसते तिला चव पसंत नाही, किंवा संरक्षक रसायन जास्त झालं आहे. अळीच्या रंगावरून मात्र काही ठरवू नका. एकाच ट्रेमध्ये हिरवी, तपकिरी, गुलाबीसर सगळ्या असतात.

अळी साधारण दोन ते अडीच आठवड्यांत खाणं थांबवते, आक्रसते आणि डाएटमध्येच पोकळी करून कोषात जाते. शेतात ती यासाठी मातीत उतरते.

कोष, पतंग, अंडी

कोष दोन दिवस कडक होऊ द्या, मग काढा. सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात धुवून सुकवा. नर-मादी भिंगाखाली कळतात: मादीचं जननछिद्र पोटाच्या आठव्या खंडावर, नराचं नवव्यावर. वजन नर-मादीचं वेगवेगळं नोंदवा. चांगल्या डाएटवरचा कोष ३०० ते ४०० मिलिग्रॅममध्ये बसतो. अडीचशेच्या खाली सरासरी गेली तर पुढे अंडी कमी येणार हे धरून चला.

पतंगांना १० टक्के मधाचं पाणी कापसाच्या बोळ्यावर, रोज बदलून. आंबलेल्या बोळ्यावरचा पतंग लवकर मरतो. पिंजऱ्याला आतून सुती कापड लावा, माद्या रात्री त्यावर सुटी-सुटी अंडी घालतात. तापमान तिशीच्या बरंच वर राहिलं तर पतंग जगतात, अंडीही घालतात, पण ती फुटत नाहीत. उन्हाळ्यात वीज जाते तिथे एसीपेक्षा जनरेटरची सोय आधी बघा.

पतंगांच्या पंखांचे खवले हवेत उडतात आणि नाकातोंडात जातात. वर्षानुवर्षं या खोलीत काम करणाऱ्यांना दम्याचा आणि अॅलर्जीचा त्रास होऊ शकतो. मास्क आणि एक्झॉस्ट फिल्टर हा चैनीचा खर्च समजू नका.

अंड्यांचं कापड ०.२ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये पाच ते सात मिनिटं बुडवायचं, मग १० टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये, म्हणजे उरलेलं क्लोरीन निघतं, आणि नंतर डिस्टिल्ड पाण्यात चांगलं खळबळून सावलीत वाळवायचं. घाटेअळीचा विषाणू अंड्याच्या कवचावर बसून पुढच्या पिढीत जातो. फुटल्याबरोबर अळी कवच खाते, म्हणून ही एक पायरी कधीही गाळू नये. साधारण तीन दिवसांत अंडी तपकिरी होतात आणि फुटतात.

खाद्य जमलं का, हे कधी ठरवायचं

इथे बहुतेक प्रबंध घाई करतात. पहिल्या पिढीत ८५ टक्के अळ्या कोषात गेल्या, झालं, खाद्य यशस्वी. पण पहिल्या पिढीची अळी ज्या अंड्यातून आली ते अंडं घालणारी मादी जुन्या खाद्यावर किंवा पिकावर वाढलेली असते. तिने अंड्यात भरलेला साठा पहिल्या पिढीला तारून नेतो. जीवनसत्त्वाची, स्टेरॉलची किंवा लिनोलेनिक आम्ल या मेदाम्लाची कमतरता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत उघडी पडते. म्हणून किमान तीन पिढ्या सलग, त्याच खाद्यावर, मधे पिकाचं पान न देता चालवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तुलना करताना सगळ्या खाद्यांना एकाच रात्रीच्या अंड्यांतल्या अळ्या द्या आणि जुनं सिद्ध डाएट दर वेळी सोबत चालवा. प्रत्येक खाद्याला निदान तीस-तीस अळ्यांचे तीन संच. एका वेळी एकच घटक बदला. नोंदायच्या गोष्टी या: सात दिवसांनी किती अळ्या जिवंत, अळी अवस्थेचे दिवस, कोषांचे टक्के आणि वजन, त्यातून निघालेले पतंग, वाकड्या पंखांचे पतंग, दर मादीमागे अंडी आणि फुटलेली अंडी. झटपट आकडा हवा असेल तर कोषात गेलेल्यांच्या टक्केवारीला अळी अवस्थेच्या सरासरी दिवसांनी भागा. ९० टक्के आणि १५ दिवस असतील तर वाढ निर्देशांक ६, ८० टक्के आणि २० दिवस असतील तर ४. हा आकडा सोयीचा आहे, पण प्रजननाबद्दल तो काहीच सांगत नाही. निवड करायची वेळ आली तर मी फुटलेल्या अंड्यांच्या संख्येवर जाईन.

दोष वाचायला शिकलं की दुरुस्ती सोपी होते. छोट्या अळ्या पहिल्या तीन दिवसांत मरतात: ओलावा, जास्त संरक्षक, किंवा पिठात औषधाचा अंश. वाढ सुरळीत पण पंख चुरगळलेले: लिनोलेनिक आम्ल कमी, चमचाभर जवसाचं तेल किंवा गव्हाचा अंकुर घालून बघा, कोरडी हवा हेही कारण असतं. पतंग देखणे पण अंडी वांझ: व्हिटॅमिन ई किंवा उष्णता. मेलेली अळी लालसर: सेराशिया नावाचा जिवाणू. अळी उलटी लोंबकळून काळी, पातळ होऊन फुटली तर विषाणू. तो ट्रे तिथे उघडू नका, बांधून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घाला. आणि सगळंच थोडं थोडं बिघडलेलं, अळ्या लहान, पिढीगणिक अंडी कमी, कारण सापडत नाही, असं असेल तर मादीचं पोट पाण्याच्या थेंबात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. नोसेमा या सूक्ष्म परजीवीचे लंबगोल, चकाकणारे बीजाणू दिसले तर खाद्यात दोष शोधण्यात अर्थ नाही. निरोगी माद्यांची अंडी वेगळी काढून कल्चर नव्याने उभं करावं लागतं. पाश्चर यांनी रेशीमकिड्यांच्या पेब्रिन रोगात हीच युक्ती वापरली होती.

शेतातून आणलेल्या अळ्यांची पहिली पिढी डाएटवर रडतखडतच चालते. त्यांच्या पोटात कॅम्पोलेटिस क्लोरिडीसारखे परोपजीवीही असतात. त्यांना वेगळ्या खोलीत एक पिढी काढून, तपासून मगच मुख्य कल्चरमध्ये मिसळा. पण मिसळा जरूर, दर वर्षी हंगामात. नाहीतर डाएटला सोकावलेली, शेताशी संबंध सुटलेली अळी हाती राहते आणि तिच्यावरचे निकाल शेताला लागू होत नाहीत.

खर्च आणि दुसऱ्या किडी

अगारला पर्याय म्हणून कॅरागीनन बऱ्यापैकी चालतं. किराणा दुकानातलं चायना ग्रास हेही अगारच, पण दर पुडीची ताकद वेगळी निघते. साबुदाण्याचं किंवा मक्याचं पिष्ट स्वस्त पडतं, मात्र पाणी सुटतं आणि बुरशी वाढते, म्हणून अगार पूर्ण काढण्यापेक्षा अर्धं बदलून बघा. व्हिटॅमिन आणि यीस्टमध्ये काटकसर करू नका, तिथे वाचतात ते पैसे फुटकळ असतात.

पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीला हेच हरभऱ्याचं डाएट थोड्या फरकाने मानवतं. २०१८ मध्ये कर्नाटकातून भारतात नोंदली गेलेली अमेरिकन लष्करी अळीही त्याच कुळातली, तिलाही हरभऱ्याचं पीठ चालतं. काही जण त्यात मक्याच्या पानांची भुकटी घालतात. गुलाबी बोंडअळीची गोष्ट वेगळी. ती सरकीत जन्म काढणारी, म्हणून तिला सरकीचं पीठ आणि गव्हाचा अंकुर. व्हँडरझँट आणि रायझर यांनी १९५६ मध्येच ती कृत्रिम माध्यमावर वाढवली होती. तिचं डाएट घट्ट आणि तुलनेने कोरडं हवं, कारण ती पोखरून आत राहते.

मावा-तुडतुड्यांना पीठ उपयोगाचं नाही. ताणलेल्या पॅराफिल्मच्या (पातळ मेणचट पडद्याच्या) दोन थरांमध्ये साखर आणि अमिनो आम्लांचं द्रावण द्यावं लागतं. उलट टोकाला तांदळावरचा पतंग कॉर्सायरा. ट्रायकोग्रामा या, किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या परोपजीवी कीटकाच्या पैदाशीसाठी तो लागतो आणि भरडलेली, भाजून निर्जंतुक केलेली बाजरी, थोडं शेंगदाण्याचं कूट, यीस्ट आणि चिमूटभर गंधक एवढ्यावर लाकडी पेटीत वाढतो. साठवणुकीच्या किडींना अगारची गरजच नसते.

डाएट चाचणीसाठी वापरताना

कल्चरचं डाएट आणि चाचणीचं डाएट एक नसतं. एचएएनपीव्हीच्या चाचणीत फॉर्मालिन वगळा, ते विषाणूलाच निष्प्रभ करतं. बीटीचे बीजाणू असतील तर प्रतिजैविक वगळा. शुद्ध बीटी प्रथिन डाएटमध्ये मिसळताना तापमान ५५ अंशांच्या खाली आलेलं असावं, किंवा थिजलेल्या डाएटच्या पृष्ठभागावर त्याचा मोजका थेंब पसरवून सुकवा. विषाणूचं काम आणि मूळ कल्चर एका खोलीत, एका माणसाकडे, एका ब्रशवर कधीही ठेवू नये. माणूस एकच असेल तर सकाळी आधी कल्चर, नंतर विषाणू, उलट क्रम नाही.

नियंत्रण गटातली, म्हणजे औषध न दिलेल्या अळ्यांमधली, थोडी मरतूक अॅबट यांच्या १९२५ च्या सूत्राने वजा करता येते. ती २० टक्क्यांवर गेली तर चाचणी रद्द करा आणि औषधाच्या मात्रेची चर्चा सुरू करण्याआधी त्या दिवशीच्या घाण्याचा क्रमांक, पिठाचं पोतं आणि अॅस्कॉर्बिकची बरणी तपासा.